डोक्याचं काढणार नव्हतो

चिऊ,

काल फोन कट झाला असं आईला सांगितलंय. खरं तुला माहीत आहे. रागानं मीच ठेवला. एकोणीस वर्षांच्या पोरीवर, तीही हॉस्टेलच्या जिन्यात उभी असताना, बापानं असं ओरडू नये. चुकलं माझं. रग्बीच्या शिबिरात निवड झाली हे सांगायला तू फोन केला होतास आणि मी पहिलं काय बोललो, तर "डोक्याला लागलेलं कधी सांगणार होतीस?" तुझ्या मैत्रिणीवर चिडू नकोस. तिचे वडील पंप घेऊन दुकानात आले होते. मला माहीत असेल असं धरून त्यांनी सहज विचारलं, "आता बरी आहे ना?"

तर आधी निवडीचं. बातमी ऐकून आज्जीनं देवापुढं साखर ठेवली आणि आत्तीला फोन लावला. आत्तीनं लगेच विचारलं, यात पोलीस भरतीला काही मिळतं का, खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असतं म्हणे. बिहारात पदक आणलेल्या रग्बीच्या पोरींना सरकारनं नोकऱ्या दिल्या, एवढं मी सांगितलं. तुझ्याकडूनच ऐकलेलं. हीच आत्ती तुझ्या हाफ पँटवरून दिवाळीत किती बोलली होती, ते आता तिला आठवत नाही. आपणही आठवण करून द्यायची नाही.

मला मात्र सगळं आठवतंय. २०१८ साली तू सातवीत होतीस. तो लांबोळा चेंडू घेऊन घरी आलीस आणि आज्जी म्हणाली, "ह्याच्यावर कोण बसलं होतं गं?" मैदानावर तुम्ही सगळ्या मिळून नऊ. सात-सातचे दोन संघ व्हायचे नाहीत, म्हणून बारकी पोरं धरून आणायचात. मी कंपाउंडपाशी गाडी लावून बघायचो. पळायचं पुढं आणि चेंडू द्यायचा मागं, हा कसला खेळ, ते मला महिनाभर कळलं नव्हतं. तू कबड्डीतली, पकड तुला येतच होती. पकडून दोघींनी धाडदिशी पडायचं आणि लगेच उठून परत पळायचं, हे नवीन होतं. पहिल्यांदा पडलीस तेव्हा मी गाडीवरून उतरलो होतो. तू बघितलं नाहीस.

त्याच वर्षी जूनमध्ये भारताच्या बायकांचा, सातऐवजी पंधरा जणींनी खेळायच्या रग्बीचा संघ सिंगापुरात पहिल्यांदा खेळला होता. पुढच्या जूनमध्ये फिलिपिन्सला जाऊन त्यांनी सिंगापूरलाच हरवलं, २१-१९. सुमित्रा नायकची पेनल्टी. तू दुकानाच्या भिंतीवर खडूनं २१-१९ लिहिलंस आणि गिऱ्हाईक विचारायचे, कुणाचं बिल राहिलंय? रंग काढला तेव्हा तेवढा तुकडा मी सोडायला लावला. ओडिशाच्या पोरी, बिहारची स्वीटी कुमारी, सरस्वतीपूरच्या चहाच्या मळ्यातल्या पोरी, ही सगळी नावं मी तुझ्या तोंडून शिकलो. सरस्वतीपूर नकाशात शोधलं, सिलिगुडीजवळ निघालं. आता आपल्याच मैदानावर संध्याकाळी गेलं तर गाडी लावायला जागा नसते. परवा मोजल्या, एकेचाळीस पोरी. सातवीतली एक तर तुझ्यासारखीच डावीकडून शिरते. तिचा बाप कंपाउंडपाशी उभा असतो. त्याला मी म्हटलं, काही होत नाही हो. बोललो खरा, पण रात्री झोप लागली नाही.

डोक्याचं आज लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

२७ सप्टेंबरची रात्र आठव. विश्वचषकाची फायनल, इंग्लंड आणि कॅनडा. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून फोनवर बघत होतो. लंडनच्या ट्विकनम मैदानावर ८१,८८५ माणसं, बायकांची मॅच बघायला! मला तुला दाखवायचं होतं. तू मेसेज केलास, "पप्पा स्क्रीन बघवत नाही, तुम्हीच स्कोअर सांगा." मला वाटलं अभ्यास चाललाय. मी आपला ३३-१३ पर्यंत एकेक ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपलीकडं टेकवून मिळालेले गुण, लिहून पाठवत बसलो. तुला दोन दिवसांपूर्वी लागलं होतं आणि उजेड सोसत नव्हता, हे मला काल कळतंय.

नियम तूच मला शिकवलेस. पकड खांद्याच्या रेषेच्या खाली. आणि डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तरी बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. मग तू उठून "काही नाही सर" कसं म्हणालीस? निवडीच्या आधी बाहेर बसावं लागू नये म्हणून? बापूही "काही नाही" म्हणाले होते. चहा घेतला होता त्यांनी. पुढचं तुला सांगायला नको.

माझ्याकडं मोटार येते, बाहेरून ठणठणीत. गिऱ्हाईक म्हणतं, चालतेय की, उगाच कशाला खोलता? मेगर, म्हणजे तपासायचं मीटर, लावला की कळतं, आतल्या तारांचं इन्सुलेशन गेलंय. तशीच चालवली की एक दिवस कॉइल जळते. ती मी परत भरून देतो, वार्निश मारतो. डोक्याचं वाइंडिंग कुणी भरून देत नाही, चिऊ.

घे, सुरू झालं माझं भाषण. आई म्हणते तसं, पोरीला बोलायचं असलं की मोटार मधे आणतो. खेळ सोड असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही. सात-सात मिनिटांच्या दोन डावांत तू जशी दिसतेस, तशी मला घरात कधी दिसली नाहीस. शिबिराला जा. पण जायच्या आधी डॉक्टरला दाखव, आणि तिथं पहिल्याच दिवशी सरांना स्वतः सांग. पुण्याची वाहबिझ भरुचा भारताची कॅप्टन होती आणि फिजिओथेरपिस्टही, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. तिच्यासमोर "काही नाही" म्हणाली असतीस का? आणि शिबिर गेलं तर जाऊ दे. नाही, तसं म्हणायचं नव्हतं मला. जाऊ नये. पण गेलं तर घरी कुणी काही बोलणार नाही, मी बघतो.

पार्सलात चिवडा आणि नवा दातांचा गार्ड ठेवलाय. त्यानं डोकं वाचत नाही, दात वाचतात, हे दुकानदारानं सांगितलं तरी घेतला.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. आत्ता तिनं विचारलं, एवढं काय लिहितोयस, तर बिल म्हटलं. रविवारी फोन कर. ती जवळच असणार, तर डोकं दुखायचं थांबलं असेल तर "मोटार सुरू आहे" एवढंच म्हण. थांबलं नसेल तर काहीच म्हणू नकोस, मी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं येतो.

तुझा
पप्पा