चित्रातली सूर्यमाला फसवी

सूर्यमालेचे चित्र आपण सर्वांनीच वहीत काढले आहे: मध्ये सूर्य, भोवती आठ ग्रह, सगळे एकाच पानावर. ग्रहांचा क्रम त्यातून पाठ होतो, अंतरांचा मात्र पार विचका होतो.

मुलांना मैदानावर नेऊन मी हा हिशेब करून पाहिला. सूर्य म्हणून २२ सेंटिमीटर व्यासाचा फुटबॉल ठेवला. त्या प्रमाणात पृथ्वी जेमतेम २ मिलिमीटरची, म्हणजे टाचणीचे डोके. ते ठेवायचे सुमारे २४ मीटरवर! एक मुलगी टाचणी बोटांत धरून दूरच्या फुटबॉलकडे बघत म्हणाली, "बाई, एवढीशीच?" चंद्र त्या टाचणीपासून ६ सेंटिमीटरवर, माणसाची मजल आजवर तेवढीच. गोटीएवढा गुरू सव्वाशे मीटरवर, मैदानाच्या कुंपणाबाहेर गेला. नेपच्यून सातशे मीटरवर. तिथवर चालायला कोणी तयार होईना (खरे तर मीही नाही).

प्रकाशाचा वेग याच मापात बसवला, तर सेकंदाला पाच सेंटिमीटरही भरत नाही. फुटबॉलपासून टाचणीपर्यंत तो ८ मिनिटे २० सेकंद रांगत येतो. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी? सुमारे ६,३०० किलोमीटरवर.

स्वीडनमध्ये तर १:२ कोटी प्रमाणाची सूर्यमाला देशभर पसरली आहे. तिथे सूर्य म्हणजे स्टॉकहोममधले घुमटाकार क्रीडागृह. एवढा खटाटोप नको. पण पुस्तकातल्या चित्राखाली 'आकार व अंतरे प्रमाणात नाहीत' एवढी ओळ तरी ठळक छापावी.

— एक शिक्षिका