मॅनेजरची कोऑर्डिनेटर झाली, त्याबद्दल

ब्रॅम्प्टन, 20 जानेवारी 2026

ती. बाबा आणि आई,

नमस्कार. मी बरी आहो. रविवारी बाबांनी विचारलं, "नागपूरले मॅनेजर होती, तिथं कोऑर्डिनेटर झाली म्हणे, काही चुकलं का तुझ्याकडून?" आन् मी आवाज कटून राहिला म्हणून फोन ठेवला. आवाज बरोबर येत होता बाबा, मलेच बोलता आलं नाही. आईच्या हळदीकुंकवात हाच विषय झाला असन.

चुकलं काही नाही. इथं कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात लायसन्स नसलं तं स्वतःले इंजिनीअर म्हणवता येत नाही, कायदाच आहे, अमरावती विद्यापीठाची डिग्री असो का कुठचीही. लायसन्सले 48 महिन्यांचा अनुभव लागते, त्यातलं एक वर्ष कॅनडातलं पाहिजे ही अट 2023 मधी निघाली, म्हणून नागपूरची सहा वर्षं मांडता येतीन. कायद्याचा एक पेपर बाकी आहे. तोपर्यंत घरभाडं थांबत नाही, म्हणून भेटली ती पोस्ट घेतली.

खरी पंचाईत आता झाली, कारण मोठ्या पोस्टसाठी अर्ज करून राहिली आन् इथल्या रिझ्युमेत आताची नोकरी सगळ्यात वर लिहा लागते, म्हणजे पहिल्याच ओळीत खालचं पद. (फोटो, जन्मतारीख काही टाकत नाहीत, लग्नाच्या बायोडाट्यासारखं वडिलांचं शेत किती एकर हे तं नाहीच नाही.) खोटं कायले बोलू, पहिल्या वेळी मी दोन्हीकडं मॅनेजरच टाकलं होतं. ऑफिसातली एक पंजाबी ताई म्हणे, येडी आहे का, ते जुन्या कंपनीले फोन करून पद आन् तारखा विचारतात, तिथंच पकडली जाशीन. मले वणीची जिनिंग आठवली. कापसाले पाणी मारून वजन वाढवणारा गाडीवर टेचात बसून येते, आन् व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढून पाहते, मंग तो खाली मान घालून उभा.

मंग पदंच काढून नुसती कामाची यादी केली. ते त्याहून वाईट, वाचणाऱ्याले वाटते ही काही लपवून राहिली.

आता जसं आहे तसं लिहिलं. वर कोऑर्डिनेटर, पण त्याखाली काम सांगितलं: 11 किलोमीटर रस्ता, तीन सबकॉन्ट्रॅक्टर, त्यायची बिलं मी तपासते. खाली नागपूरचं प्रोजेक्ट मॅनेजर, 40 माणसं हाताखाली, मे महिन्यातलं डांबरीकरण. सोबतच्या पत्रात एकच ओळ, की देश बदलला, लायसन्स काढणं चालू आहे, म्हणून हे पद घेतलं. माफी मागितल्यासारखं कुठंच लिहिलं नाही.

आपल्या गावात एकदा सरपंच झाला का मरेपर्यंत लोक त्याले सरपंचच म्हणतात, तशी सोय इथं नाही, इतकंच.

बाबा, दारावरची "सिव्हिल इंजिनीअर" पाटी काढू नका, कोणी काही म्हणो. इथला कायदा आपल्या वाड्याले लागत नाही. आन् वेचणी झाल्यावर कापसाचं पीक तसंच उभं ठेवून फरदड घेऊ नका यंदा, बोंडअळी पुढच्या पिकावर येते, पऱ्हाटी उपटून टाका.

तुमची,
मोठी