लोलोंबद्दल थोडं

सोन्या,

फोनवर धड बोलता आलं नाही, तुझी मिडटर्म आणि मला सारखं भरून येत होतं, म्हणून लिहितेय. लोलोंना डिक्सनच्या सैनिकी दफनभूमीत ठेवलं. नेव्हीच्या गणवेशातली पोरं आली होती, त्यांनी झेंड्याची त्रिकोणी घडी घालून लोलाच्या, त्यांच्या बायकोच्या, हातात दिली, बिगुल वाजला आणि तुझे बाबा, जे कोणाच्या मयतीत रडत नाहीत, ते गुपचूप गाडीकडे निघून गेले.

तुला ते शेजारचे आजोबा, म्हणजे त्यांच्या भाषेत लोलो, म्हणूनच माहीत. फिलिपिन्समधल्या काविते गावाकडचा पोरगा, 1960च्या दशकात तिकडेच अमेरिकन नेव्हीत भरती झाला. तेव्हा फिलिपिनो पोरांना काम एकच, स्टीवर्डचं, म्हणजे साहेबांना जेवण वाढा, बिछाने घाला, बूट चमकवा, मग तू कितीही शिकलेला अस. 1970च्या दशकात नियम बदलले तेव्हा कुठे त्यांना इंजिनाकडचं काम मिळालं. रिटायर झाल्यावर इथे व्हॅलेहोत मेअर आयलंडच्या नेव्हीच्या जहाजांच्या यार्डात लागले, तर 1996 ला यार्डच बंद! मी एकदा त्या बूट पॉलिशचं विचारलं, वाईट नाही का वाटलं म्हणून, तर म्हणाले, त्या पगारात माझी भावंडं शिकली. बास, विषय संपला.

धाकट्या भावाला कायमचं इकडे आणायला सरकारकडे पिटिशन टाकली होती ना, भावंडांची रांग फिलिपिन्सला वीस वर्षांच्या वर जाते. नंबर लागला तोवर भावाचे केस पांढरे झालेले आणि त्याच्या पोरांची बापाबरोबर यायची वयं निघून गेलेली, मग तो आलाच नाही. लोलो एवढंच म्हणाले की बरं, मग बॉक्स पाठवत राहू.

तो बालिकबायन बॉक्स, तिकडच्या घरच्यांना वस्तू भरून पाठवायचा खोका, तुला आठवत असेलच, गॅरेजमध्ये कायम एक उघडा. बोटीने जातो म्हणून वजनाचं काही नाही, मावेल तेवढं भरायचं. कॉर्न्ड बीफचे डबे टॉवेलात गुंडाळायचे, बुटांच्या आत टूथपेस्ट, साबण, चॉकलेटं कोंबायची, कुठे पोकळी ठेवायची नाही, आणि शेवटी झाकण बसेना की तुला वर बसवायचे, तू सहा-सात वर्षांचा असशील, आणि टेप चरचरत फिरायची. एवढं सगळं तिकडे पाठवून इथल्या पोरांच्या एकाही मॅचला हा माणूस गैरहजर नाही, हे मला अजून झेपत नाही. आणि त्यांचा नाताळचा चांदणीच्या आकाराचा कंदील, पारोल, सप्टेंबरातच लागायचा, आपला आकाशकंदील दिवाळीत, त्यावरून दरवर्षी बाबांना चिडवायचे, यू आर लेट म्हणून.

सध्या रोज रात्री त्यांच्याकडे रोझरी चालू आहे, नऊ रात्री असते, नंतर चाळिसावा दिवस. मला प्रार्थना येत नाही, मी पान्सित, त्यांच्या नूडल्स, वाढते. वेकहून, म्हणजे मयताजवळ जागून, सरळ घरी जायचं नसतं त्यांच्यात, मृताचा आत्मा मागे येतो म्हणे, म्हणून पहिल्या रात्री आम्ही सगळे काळ्या कपड्यात जॉलीबीला, त्या फिलिपिनो फास्ट फूडवाल्याकडे, फ्राइड चिकन खात, आणि लोलाने असा एक किस्सा सांगितला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तो पत्रात नाही लिहीत, आलास की तिलाच विचार.

तिला फोन कर, मेसेज नको. गॅरेजमधला बॉक्स अर्धा भरलेला आहे, ती तो पाठवणारच म्हणते. तुझे ते ग्रे स्नीकर्स, दोनदाच घातलेले, टाकू का त्यात? रविवारच्या आत सांग.

आई