सेव्हच्या आकड्यावर पिचर जोखू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेसबॉलमधल्या मारियानो रिव्हेराच्या ६५२ सेव्हचा, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याच्या नोंदींचा, दाखला देत आपल्या क्रीडा पानाने ‘रिलीफ पिचर जोखावा तो सेव्हवरच’ असे ठरवून टाकले आहे. (रिलीफ पिचर म्हणजे सामन्यात मधेच बदली म्हणून चेंडू टाकायला येणारा.) ते पटत नाही. रिव्हेरा थोर होता तो धावाच देत नव्हता म्हणून. कारकिर्दीतली त्याची सरासरी, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, २.२१ आहे.

नियम बघा. संघ तीन धावांनी पुढे असताना नववी, म्हणजे शेवटची, इनिंग टाकायला यायचे, दोन धावा द्यायच्या, सामना संपवायचा, सेव्ह नावावर. दर वेळी असेच झाले तर सरासरी १८ भरेल, सेव्ह मात्र वाढतच राहतील. २००७ मध्ये क्लीव्हलँडचा जो बोरोव्स्की ४५ सेव्हसह अमेरिकन लीगमध्ये पहिला आला, सरासरी होती ५.०७! त्याच वर्षी टेक्सासने बाल्टिमोरचा ३०-३ असा धुव्वा उडवला, त्यातही वेस लिटलटनला सेव्ह मिळाला. तो आला तेव्हा संघ १४-३ ने पुढे होता, पण शेवटच्या तीन इनिंग टाकल्या की नियमाला तेवढे पुरते.

आणि सातव्या इनिंगमध्ये एका धावेची आघाडी, तिन्ही बेस भरलेले, अशा वेळी येऊन संघाला बाहेर काढणारा? त्याच्या वाट्याला फार तर ‘होल्ड’, म्हणजे आघाडी टिकवून चेंडू पुढच्या पिचरकडे सोपवल्याची नोंद. न्यूयॉर्क यांकीज संघाचा रिलीफ पिचर डेलिन बेटान्सेस याने तीनदा ऑल-स्टार संघात निवड होऊन २०१७ मध्ये ५० लाख डॉलर पगार मागितला. एवढे पैसे भरपूर सेव्ह असलेल्या क्लोजरना, म्हणजे सामना संपवायला येणाऱ्या पिचरना, मिळतात, असे क्लबच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सुनावले. लवादाने ३० लाखच दिले. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

याहून वाईट म्हणजे मॅनेजरही या आकड्यासाठी पिचर राखून ठेवतात. २०१६ ची टोरांटोतली वाइल्ड कार्ड लढत, म्हणजे बाद फेरीचा एकच सामना, आठवा. बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने त्या मोसमात ४७ पैकी ४७ सेव्ह केले होते, सरासरी ०.५४. सामना २-२, एक्स्ट्रा इनिंग सुरू, हरलो तर घरी. तरी बाल्टिमोरचे मॅनेजर बक शोवॉल्टर ब्रिटनला आणायला आघाडी मिळण्याची वाट पाहत राहिले. अकराव्या इनिंगमध्ये बाल्टिमोरच्या उबाल्डो हिमेनेझला टोरांटोच्या एनकार्नासियॉनने तीन धावांचा होम रन मारला. ब्रिटनने एकही चेंडू न टाकता बाल्टिमोरचा मोसम संपला.

तेव्हा विनंती अशी, की रिलीफ पिचरच्या तक्त्यात सेव्हशेजारी आणखी दोन रकाने द्यावेत: तो आला तेव्हा बेसवर किती खेळाडू होते, आणि त्यांतले किती धाव काढून गेले.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी