ओटीजी आणायला निघण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, केक आणि नानकटाई घरीच करायचं ठरवलंस, फार छान वाटलं. बाबा, तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलेली सामानाची यादी नीट वाचली. गोल फिरणारा स्टँड, आयसिंगची नोझलं, सिलिकॉनचे साचे हे सगळं सध्या राहू दे. त्यानं केक देखणा होईल, पण तो आतून नीट भाजला जाणं ओव्हनवर आणि मापावर अवलंबून आहे. पैसे तिथे घाला.

ओव्हन म्हणजे ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर), तो २८ ते ३० लिटरचा बघा. १६ लिटरचा स्वस्त मिळतो, पण त्यात वरचा तापणारा रॉड केकच्या फार जवळ येतो. वरून करपतो, मधे कच्चा राहतो. दुकानात टेप घेऊन जा आणि आतली रुंदी-खोली मोजा. ८ इंची टिन ठेवल्यावर चारी बाजूंनी निदान इंचभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर गरम हवा फिरत नाही. वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा चालू करता येतो ना, हे विचारून घ्या. आत पंखा असला तर उत्तमच. मात्र पंखा लावल्यावर तापमान २० अंशांनी उतरवायचं, म्हणजे कृतीत १८० लिहिलं असेल तर १६० ठेवायचं.

बाबा, विजेचं तुमच्याकडे. एवढा ओव्हन साधारण १५०० वॉटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. ओट्यावर मिक्सर लावतो तो पॉइंट ६ अँपिअरचा आहे. त्यावर तासभर ओव्हन चालला तर प्लग तापून प्लास्टिक वितळू शकतं. गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट काढून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. ओव्हन भिंतीपासून चार बोटं पुढे, वर लाकडी फळी नसेल अशा जागी ठेवा. उंची अशी हवी की आईला वाकावं लागणार नाही आणि खांद्याच्या वर हातही न्यावा लागणार नाही. दार खाली उघडतं, काच चांगलीच तापलेली असते, म्हणून पुढेही मोकळी जागा ठेवा.

आणल्यावर पहिल्यांदा खिडक्या उघडून रिकामाच २० मिनिटं पूर्ण तापमानावर चालवा. वास येईल, थोडा धूरही निघेल. रॉडवरचं तेल जळत असतं, घाबरू नका. टायमरचा नॉब १० मिनिटांपेक्षा कमी लावायचा असेल तर आधी २० च्या पुढे फिरवून मग मागे आणायचा. थेट ५ वर नेला तर आतली चावी नीट बसत नाही आणि वेळ चुकते.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे ते: ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर. नॉबवर १८० दिसतं म्हणून आत १८० असेलच असं नाही, २०-३० अंशांचा फरक सर्रास असतो. थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा, रॉडला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. २० मिनिटांनी वाचा, मग पाच-पाच मिनिटांनी आणखी दोनदा. रॉड आपोआप बंद-चालू होत असतो, त्यामुळे आकडा वरखाली होणारच. त्यातला मधला धरा. नॉब १८० वर असताना आत २०० भरत असेल तर नॉब थोडा मागे घ्या आणि खऱ्या १८० ला मार्करनं जाड खूण करून ठेवा. आईला बारीक आकडे वाचायला नकोत.

ओव्हन कुठे जास्त तापतो हेही एकदाच बघून ठेवा. जाळीवर पांढऱ्या ब्रेडचे स्लाइस शेजारी शेजारी मांडा, १८० वर ८-१० मिनिटं ठेवा आणि आहेत त्याच क्रमानं ताटात काढा. बहुतेक मागचा एखादा कोपरा तपकिरी झालेला दिसेल आणि दाराजवळचे फिके. तसं असेल तर नानकटाईचा ट्रे अर्धी वेळ झाल्यावर मागची बाजू पुढे येईल असा फिरवायचा. केकचा टिन मात्र तेव्हा हलवायचा नाही. मधला भाग सेट होण्याआधी दार उघडलं तर केक बसतो, म्हणून पहिली २५ मिनिटं दाराला हात नको.

दुसरी वस्तू डिजिटल वजनकाटा. ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मोठ्या आकड्यांचा. भांडं ठेवून शून्य करायचं, मैदा घालायचा, परत शून्य, साखर घालायची. भांडीही कमी लागतात. आई, तुझा हात वाटीला बसलेला आहे, भाजी-आमटीला ते पुरतं. पण मैद्याचं तसं नाही. चमच्यानं अलगद भरला तर २४० मिलीच्या कपात १२० ग्रॅम बसतो, कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५०. दोन कपांना ६० ग्रॅम जास्त गेला की केक कोरडा होतो आणि वरून भेगाळतो. बेकिंग पावडर आणि सोडा मात्र काट्यावर मोजू नका, एवढ्याशा वजनाला तो दाद देत नाही. त्यासाठी मापाच्या चमच्यांचा सेट घ्या: मोठा १५ मिली, छोटा ५ मिली, मग अर्धा आणि पाव. सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, शीग नको. पोह्याचा चमचा इथे चालणार नाही. सोडा थोडा जास्त झाला तरी साबणासारखी चव येते.

टिन अॅल्युमिनियमचे, फिक्या रंगाचे, ३ इंच उंचीचे घ्या. एक ८ इंची गोल आणि ब्रेडसाठी एक लांबट, एवढे पुरेत. काळ्या नॉनस्टिक टिनमध्ये कडा लवकर काळ्या पडतात. स्टीलचा डबा वापरू नका. त्यातून उष्णता सारखी पसरत नाही, कड भाजून निघते आणि मधे ओलं राहतं. ६ इंची टिनची कृती ८ इंचीत करायची असेल तर साहित्य पावणेदोन पट लागतं, कारण तळाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंचांवरून ५० वर जातं. टिन दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

तळाला घालायचा कागद बेकिंगचाच आणा. रोलवर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेलं असतं. साधा मेणकागद ओव्हनमध्ये वितळून केकला चिकटतो.

फेटायला विजेवरचा हँड बीटर घ्या, हातात धरून बघून, हलकासा. बाबा, तुमच्या दुखऱ्या खांद्यानं लोणी-साखर हातानं फेसायची नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. ते काम बीटरवर चार मिनिटांत होतं, रंग पांढुरका झाला की थांबायचं. मैदा घातल्यावर बीटर बाजूला आणि सिलिकॉनचा उलथणा हातात. मैदा जास्त फेटला की त्याला चिवटपणा येतो आणि केक वातड होतो. ब्रेडच्या पिठासाठी मोठं मशीन नको. परातीत कणीक तिंबतेस तसंच १०-१२ मिनिटं मळायचं.

आणि आई, पदर किंवा ओलं फडकं घेऊन टिन काढायचा नाही. ओल्या फडक्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि हात भाजतो. सांडशीनंही नको, भरलेला टिन निसटतो. मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड हातमोजे, दोन्ही हातांत.

बाकी घरात आहेच: मैद्याची चाळणी, पोळपाट-लाटणं, परात. केक गार करायला ओव्हनबरोबर आलेली जाळी दोन पालथ्या वाट्यांवर ठेवा. केक १० मिनिटं टिनमध्ये राहू द्यायचा, मग जाळीवर काढायचा. टिनमध्येच गार केला तर वाफ धरून तळ ओला होतो. शिजला का ते बघायला टूथपिक चालते, लाकडाला कच्चं पीठ चिकटलेलं लगेच दिसतं.

पहिल्यांदा नानकटाईच करा, १६० वर, १८ ते २० मिनिटं. ट्रेच्या कुठल्या बाजूची आधी लाल झाली, आणि नॉब १८० ला असताना थर्मामीटर किती दाखवतो, हे दोन्ही फोनवर सांगा. त्यावरून केकसाठी नॉब कुठे ठेवायचा ते आपण ठरवू.

कळावे,
तुमची लेक