गाडी ‘देशी’ ठरवायची कशावरून?

संपादक महोदय,

सणासुदीला गाड्यांच्या पानभर जाहिराती येतात आणि त्यांत ‘अस्सल भारतीय’ हा शिक्का हमखास असतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळूनही तिच्या नावावर बाहेरची चादर खपवली जाते, त्यामुळे शिक्क्याचा भरवसा किती धरायचा हे सोलापूरकरांना सांगायला नको. गाडीच्या बाबतीत मात्र आपण अजून कंपनीचा बिल्ला पाहतो, नाहीतर कारखाना चाकणला आहे की नाही ते पाहतो. दोन्ही खुणा कच्च्या. चाकणला परदेशातून आलेल्या सुट्या भागांच्या किटमधून महागड्या गाड्याही जोडल्या जातात आणि देशी बिल्ल्याच्या विजेवरच्या गाडीतही बॅटरीचे सेल बाहेरचे असू शकतात. आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर ‘एमए’ ते ‘एमई’ यांपैकी अक्षरांनी सुरू होत असेल, तर निर्माता भारतात नोंदलेला आहे एवढेच कळते. आतल्या भागांबद्दल तो मुका.

हा वाद जुना आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना 1944) कुर्ल्यात सुरुवात केली ती क्रायसलरच्या गाड्या जोडण्यापासूनच. पुढे 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरवले: भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम नसेल तर नुसती जुळणी चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तेव्हाच गाशा गुंडाळला. जोडणे वेगळे आणि बनवणे वेगळे, हे सरकारला सत्तर वर्षांपूर्वी कळले होते. शोरूममधल्या गिऱ्हाइकाला ते आजही कुणी सांगत नाही.

‘नव्वद टक्के देशी’ हा आकडा कसा निघतो ते पाहू. समजा, कारखान्याच्या दारात गाडीची किंमत 8 लाख रुपये आहे आणि कंपनीने स्वतः आयात केलेले भाग 80 हजारांचे आहेत. झाले नव्वद टक्के. पण पुरवठादारांनीही बाहेरून माल आणलेला असतो: ईसीयूतल्या (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातल्या) चिप, सेन्सर, खास प्रतीचा पत्रा, प्लास्टिकचे दाणे, बेअरिंग. तो समजा 1 लाख 20 हजारांचा निघाला, तर आकडा 75 वर येतो. आता त्या 8 लाखांत कंपनीचा नफा, जाहिरात, कार्यालयीन खर्च असे दीड लाख धरलेले असतील, तर ते सगळे ‘देशी मूल्य’ म्हणून मोजले गेलेले आहे. ते वगळून साडेसहा लाखांवर हिशेब केला की उरतात 69 टक्के. गाडी तीच, नट-बोल्टही तेच. परदेशी मूळ कंपनीला रॉयल्टी जात असेल तर आणखी खाली. त्यात बेअरिंग भिवंडीच्या गोदामातून घेतले की बिल देशी दिसते आणि डबा उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून पुरवठादाराचा पुरवठादार कोण, इथपर्यंत मागे गेल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

टक्केवारीत न मावणारी गोष्टही आहे. आपल्या भागात ओतल्या जाणाऱ्या कॅमशाफ्टचेच, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचेच पाहा. रेझिन लावलेल्या वाळूच्या साच्यात लोबच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्याच्या जागी उष्णता ओढून घेणारी लोखंडी चिल बसवतात. सुमारे 1400 अंशांचा रस तिला भिडला की झटक्यात गोठतो आणि लोबचे तोंड पांढऱ्या, कडक बिडाचे होते. जर्नल, म्हणजे दांडा ज्यांवर टेकून फिरतो ते गोल भाग, सावकाश थंड होतात, राखाडी आणि मऊ राहतात, म्हणून मशीनवर नीट कापता येतात. चिल सरकली तर लोबवर मऊ पट्टा राहतो, ओलसर राहिली तर आत फुगे धरतात. ग्राइंडिंगला कूलंट कमी पडले की पृष्ठभाग जळून बारीक तडे जातात. मऊ लोब काही हजार किलोमीटरांत झिजतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि गाडीची ओढ जाते. भंगार, वाळू, वीज, मजुरी सगळे इथले, त्यामुळे हा भाग कागदावर जवळजवळ शंभर टक्के देशी भरतो. पण लोबचा आकार ठरवणारे ड्रॉइंग बहुधा परदेशातल्या डिझाइन कार्यालयाचे असते. साधा रेझिनचा ग्रेड बदलायचा तरी पुन्हा नमुने, पुन्हा चाचण्या, पुन्हा तिकडची मंजुरी. ड्रॉइंगवर सही कुणाची, हा प्रश्न आमच्या मते टक्क्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

चुंबकांचे उदाहरण ताजे आहे. चीनने 4 एप्रिल 2025 पासून काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडचे विजेच्या गाड्या बनवणारे धास्तावले. गाडीच्या किमतीत या चुंबकांचा वाटा चिमूटभर, पण मोटर त्यांच्याशिवाय फिरत नाही. बाकी 90 टक्के गाडी इथली असून काय उपयोग?

अमेरिकेत 1992 च्या कायद्याने नव्या गाडीवर एक पट्टी लावावी लागते. अमेरिका-कॅनडातल्या भागांचे प्रमाण किती, जुळणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कोणत्या देशातले, हे तिच्यावर असते. ती पद्धतही निर्दोष नाही: आकडा एकेका गाडीचा नसून त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांची सरासरी असतो. तरीही गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी पडते. आपल्याकडे 25,938 कोटी रुपयांच्या वाहन उद्योग प्रोत्साहन योजनेत किमान 50 टक्के देशी मूल्यवर्धनाची अट आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था ते तपासतात. म्हणजे मोजायची पद्धत तयार आहे. ती सगळ्या गाड्यांना लावून आकडा शोरूममधल्या काचेवर चिकटवायला काय हरकत आहे?

त्या पट्टीवर पुरवठादारांची आयात धरून निघालेला आकडा हवा, नफा वगळलेला. इंजिन, गिअरबॉक्स आणि ईसीयू कुठले, ते हवे. विजेच्या गाडीसाठी एक ओळ जास्त: सेल कोणत्या देशातला. पॅक इथे भरला, वेल्डिंग इथे केले, खोक्याला सील इथे लावले, एवढ्यावर ती ओळ भागवू देऊ नये.

— वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यवसायातील काही वाचक, सोलापूर