टॅपेट कव्हरची गळती सिलिकॉन फासून थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या इंदुरात आठ-दहा वर्षे वापरलेल्या पेट्रोल गाड्यांचे बॉनेट उघडले, की टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) आणि त्याखालचे सिलिंडर हेड यांच्या सांध्यावर बाहेरून फासलेला काळा किंवा लाल सिलिकॉनचा पट्टा बऱ्याचदा दिसतो. सांध्यातले पॅकिंग (गॅस्केट) गळू लागले म्हणून कोणीतरी वरून पेस्ट लावलेली असते, मजुरी घेतलेली असते आणि पट्ट्याखालून तेल झिरपतच असते. या चुकीच्या पद्धतीबद्दल आणि हे काम घरच्या अंगणातही नीट कसे करता येते याबद्दल हे पत्र.

तेलकट धातूवर सिलिकॉन धरतच नाही. शिवाय कव्हर काढून जुन्या पॅकिंगवर पेस्टचा जाड थर दिला, तर कव्हर आवळताना जितकी पेस्ट बाहेर येते तितकीच आतही दाबली जाते. आतली पेस्ट सुकते, तिचे तुकडे सुटतात, तेलाबरोबर चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बुजली की तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंग खराब होतात. लहान गाडीचे पॅकिंग काही शे रुपयांत मिळते. तेवढे वाचवायला इंजिन पणाला लावू नये.

पॅकिंग रबराचे असते आणि वर्षानुवर्षे तापलेले तेल अंगावर घेऊन ते कडक होते. नवे पॅकिंग नखाने दाबले तर दबते आणि परत फुगते. जुन्यावर नख घसरते. त्याची गोलाई जाऊन कडा सपाट, चौकोनी झालेल्या असतात, म्हणून बोल्ट कितीही आवळले तरी सांधा भरत नाही. मेमधल्या उन्हात भेरूघाट चढून आल्यावर गाडीत जळक्या तेलाचा वास येतो, तो बहुधा इथलाच. तेल हेडवरून ओघळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) पडते. धूर दिसू लागला तर काम पुढे ढकलू नका, त्यात आगीचा धोका आहे.

आधी गळती नक्की कुठली ते ठरवा. तेल खाली ओघळते आणि पंख्याच्या हवेने मागे पसरते, म्हणून सर्वांत वरची ओली जागा शोधायची. इंजिन पुसून कोरडे करा, सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून बघा. तेल भरायच्या झाकणाची रिंग, कॅम सेन्सरची ओ-रिंग, कॅमशाफ्टचे सील ही मंडळीही शेजारीच गळतात आणि दोष पॅकिंगवर येतो. इग्निशन कॉइल उपसल्यावर तिचे रबर तेलाने माखलेले निघाले, तर प्लगच्या नळीचे सील गेले आहे. इंजिन मिसिंग करण्याचे हेही एक कारण असते.

सामान आणताना पॅकिंग, प्लगच्या नळ्यांची सील आणि बोल्टखालचे रबरी वायसर असा पूर्ण संच मागा. काही गाड्यांत नळ्यांची सील पॅकिंगलाच जोडलेली येतात, काहींत वेगळी. वायसर जुनेच ठेवले तर पुढची गळती बोल्टच्या मुळाशी सुरू होते. सोबत ऑइल आणि सेन्सर यांना चालणाऱ्या आरटीव्ही (हवेत आपोआप घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनची लहान ट्यूब, ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारी फडकी, बहुतेक गाड्यांना लागणारी 10 मिमीची गोटी (सॉकेट) आणि लहान टॉर्क पाना (बोल्टवरचा ताण मोजून आवळणारा) हवा. चाकांचे नट आवळायचा मोठा टॉर्क पाना इथे कामाचा नाही, त्यावर इतका कमी ताण नीट मोजता येत नाही.

इंजिन पूर्ण गार असू द्या. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी काम धरणे उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. पाइप आणि कनेक्टर कुठे कसे होते याचे मोबाइलवर फोटो काढा. एअर फिल्टरचा डबा आणि कॉइल काढताना कनेक्टरचे लॉक दाबूनच ओढा. तापून ठिसूळ झालेले प्लास्टिक सहज तुटते. प्लग मात्र जागेवरच राहू द्या. नळीत साचलेले तेल आधी सिरिंजने किंवा फडक्याने टिपून घ्या, नाहीतर प्लग काढताच ते सिलिंडरमध्ये जाते. कव्हर उघडण्यापूर्वी भोवतालची माती ब्रशने झाडून हवा मारा, ती कॅमशाफ्टवर पडायला नको.

बोल्ट बाहेरच्या बाजूकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल करा. कव्हर चिकटले असेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीने बाजूने हलके ठोका. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा नव्या पॅकिंगलाही गळवतो. कव्हर निघाले की टायमिंग चेनच्या बाजूची पोकळी ताबडतोब फडक्याने झाका. तिथून पडलेला बोल्ट थेट खाली जातो आणि तो काढायला चेंबर उतरवावे लागू शकते.

खरी मेहनत सफाईत आहे. हेडची कड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा. फडके कोरडे आणि स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. क्लीनर उघड्या हेडमध्ये थेट फवारू नका. सँडपेपर अजिबात नको, त्याचा कण तेलात गेला तर बेअरिंग खातो. कव्हरच्या खाचेतला जुना रबर आणि सिलिकॉन कोपऱ्यांसकट काढा. कव्हरच्या आत काळा चिकट गाळ असेल तर ते रॉकेलने धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा.

सिलिकॉनची योग्य जागा आहे ती फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जिथे मिळतात तो सांधा आणि कॅमशाफ्टच्या कॅपचे किंवा अर्धगोलाकार खाचांचे कोपरे. तिथे पृष्ठभाग पायरीसारखा बदलतो आणि रबर ती पायरी भरू शकत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर तीन-चार मिलिमीटरचा ठिपका पुरतो. त्यावर साय धरायच्या आत, म्हणजे पाचेक मिनिटांत, कव्हर बसले पाहिजे. बाकी पॅकिंग कोरडेच बसवायचे, त्याला ग्रीस किंवा ऑइल लावायचे नाही. आधी कोपरे खाचेत दाबा, मग सरळ बाजू. उलट केले तर शेवटी कुठेतरी रबराचा फुगवटा उरतो. कव्हर सरळ वरून उतरवा आणि मागची, केबिनकडची कड टॉर्चने तपासा. पॅकिंग निसटते ते बहुधा तिथेच, कारण तिथे नजर पोहोचत नाही.

सगळे बोल्ट प्रथम बोटांनी फिरवून घ्या. मग मध्यापासून बाहेर, आलटून पालटून दोन-तीन फेऱ्यांत आवळा. लहान पेट्रोल गाड्यांत हा ताण साधारण 8 ते 11 न्यूटन मीटर असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. 10 न्यूटन मीटर म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम सात किलोचा जोर. ‘अजून थोडे आवळू, गळायला नको’ या हौसेने प्लास्टिकचे कव्हर तडकते, पॅकिंग खाचेतून बाहेर येते किंवा हेडमधले आटे मरतात. खांद्याचे (ठरावीक खोलीवर टेकणारी कड असलेले) बोल्ट असतील तर ते टेकल्यावर पुढे जोर लावूच नये.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी डिपस्टिक बघून इंजिन सुरू करा. मॅनिफोल्डवर आधी सांडलेले तेल जळून काही वेळ वास आणि हलका धूर येईल, तो कमी होत जायला हवा. शंभरेक किलोमीटरनंतर सांधा पुन्हा टॉर्चने बघा. पूर्वीच्या गाड्यांत कॉर्कचे पॅकिंग बसून दबायचे म्हणून ते पुन्हा आवळावे लागे. रबराच्या पॅकिंगला तसे करू नका.

नवे पॅकिंगही लवकर गळले, तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतल्या वायूला वाट देणारी झडप) बघा. तो गाळाने बुजला की इंजिनच्या आतला वायू कोंडतो आणि तेलाला सांध्यांतून बाहेर ढकलतो. इंजिन आयडलला असताना तेलाचे झाकण उघडून तोंडावर तळहात ठेवा: हलकी ओढ जाणवली तर ठीक, हवा बाहेर फेकली जात असेल तर व्हॉल्व्ह आणि पाइप आधी साफ करा किंवा बदला. बऱ्याच गाड्यांचा व्हॉल्व्ह काढून हलवला की आत टकटक वाजतो. बुजलेला वाजत नाही. घर, शाळा, बाजार अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, आत ओल राहते आणि हा गाळ लवकर धरतो.

ज्या डिझेल इंजिनात इंजेक्टर कव्हरमधून जातात, त्यांना घरी हात लावू नये. तिथे उच्च दाबाच्या डिझेल नळ्या सोडवाव्या लागतात. ‘व्ही’ इंजिन (सिलिंडर दोन तिरप्या रांगांत असलेले) आणि वॉरंटीतल्या गाड्याही वर्कशॉपमध्येच न्याव्यात.

तेलाची फडकी आणि जुने पॅकिंग महापालिकेच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. धुतलेले रॉकेल मोरीत ओतू नका. नाल्यातून ते कान्ह नदीत आणि पुढे क्षिप्रेत जाते. ते बंद डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

ज्यांना हे काम गॅरेजमध्येच करून घ्यायचे आहे, त्यांनी गाडी देतानाच जुने पॅकिंग परत मागावे आणि बिलावर पॅकिंगचा पार्ट नंबर लिहून घ्यावा. पॅकिंग परत मिळाले नाही आणि सांध्याभोवती सर्वत्र ताजी पेस्ट दिसली, तर पैसे देण्याआधी कव्हर पुन्हा उघडायला सांगावे.

कळावे,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर